कालची उकडहंडी

संकष्टीच्या संध्याकाळी, चंद्र उगवायला अजून अवकाश होता तेव्हा, मी परसातल्या मोरीत वाकून ओकले आणि माझ्या पोटातून वालपापडी बाहेर पडली. चांगली ओळखू येईल अशी. साल शाबूत, आतला दाणा शाबूत, ओव्याचा वाससुद्धा तसाच. आमचे हे पाठ चोळायला म्हणून बॅटरी घेऊन धावत आले होते. झोत मोरीवर पडला आणि पाठीवरचा हात थांबला.

"हे काय? आज संकष्टी ना तुझी?"

"कालची आहे," मी कसंबसं म्हटलं. "काल हंडी लावली होती, तीच."

"काल रात्रीचं जेवण आज दिवेलागणीपर्यंत पोटात? पोट आहे का फ्रीज?" बॅटरी अजून मोरीवरच. "कोनफळ असतं तर समजलो असतो, कोनफळ उपासाला चालतं. पण वालपापडी?"

मागच्या दारात नणंद उभी. ती डहाणूला दिलेली, उकडहंडी खायला म्हणून आदल्या दिवशीच आली होती. थंडी पडली की आमच्याकडे एकदा तरी वालपापडी, कोनफळ, रताळी, ओवा असं सगळं मडक्यात भरून हंडी लागते, आणि ती लागली की नणंदेला निरोप जातोच. ती तिथूनच वळली. आत गेली, आणि मला मोरीतून ऐकू आलं की तिने शेगडीजवळच्या मडक्यावरचं झाकण उचललं. आदल्या दिवशीची उरलेली हंडी त्यात होतीच. किती उरली होती हे काय कुणी मोजून ठेवलं होतं? पण झाकण परत ठेवल्याचा आवाज आला, आणि घरात माझा निकाल लागून गेला.

त्या दिवशी मी सकाळी चहा घेतला होता, दुपारी ताक आणि मूठभर शेंगदाणे. बस. देवासमोर बसले तेव्हा मला इतका राग आला होता की आरती म्हणताना आवाज चढला. हे हळूच म्हणाले, "गणपतीला ऐकू येतं." मी आणखी जोरात म्हटली.

जुन्या नोटा बंद झाल्या होत्या, त्या थंडीतली ही गोष्ट. आमची वाडी झाईकडे जाणाऱ्या रस्त्याला, चिकूची. झाडांचं, पाण्याचं, व्यापाऱ्याचं ते बघायचे. शेडमधली निवड आणि भरणी माझ्याकडे. तलासरीकडच्या पाड्यांवरून बायका कामाला यायच्या, त्यांच्याबरोबर दिवसभर मी मोठा, मध्यम, बारीक असं वेगळं करत बसायची. साखर मला बरीच वर्षं होती. गोळ्यांवर भागेना तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पोटात टोचायचं इन्सुलिन चालू केलं, आणि त्याबरोबर घरात साखर मोजायचं मशीन आलं. मशीन आलं ते सरळ ह्यांच्या ताब्यात गेलं. बोट माझं, रक्त माझं, पण आकडा ते वाचणार.

आणि आकडे काही धड येत नव्हते. रात्री मी अर्धी नाचणीची भाकरी आणि भाजी खाऊन उठावं, आणि सकाळी मशीनने असा आकडा दाखवावा की लग्नात जेवून आले आहे. "रात्री उठून काय खाल्लंस?" हे विचारायचे. काही नाही म्हटलं की मशीन माझ्या तोंडासमोर धरायचे. "हे खोटं बोलत नाही. माणूस बोलतं."

आमच्याकडे घराच्या मागे एक बारकी खोली आहे. घरच्यासाठी आणि पाहुण्यांना द्यायला चिकू तिथे पेंढ्यात पिकत घालतात. डिसेंबरात त्या खोलीचा वास पार ओटीपर्यंत येतो. एक दिवस मी पेंढा हलवायला गेले तर दाराला कुलूप. पितळेचं, नवीन. मी किल्ली मागितली. "काय हवं ते सांग, मी काढून देतो," हे म्हणाले. इतक्या गोडीने म्हणाले की भांडताही येईना. ज्या घरात मी लग्न होऊन आले, ज्या चिकूंना मी रोज हात लावते, त्यांच्यापासून मला कुलपाने लांब ठेवलं होतं. मी तिथेच उभी राहून रडले. कामाच्या बायका बघत होत्या, तरी रडले.

त्यात संकष्टीची भर. नणंद परत गेली आणि आठवडाभरात डहाणूच्या बाजारात कुणीतरी मला हसत हसत विचारलं, "काय मग, वालपापडीचा उपास कसा असतो?" आता बोला.

पण नुसता अपमान असता तर मी दोन दिवस अबोला धरून मोकळी झाले असते. गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. ह्यांनी सकाळचे आकडे डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगितले आणि वर पुस्ती जोडली, "पथ्य पाळत नाही हो, लपूनछपून खाते." डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनची मात्रा वाढवली. मी खाल्लंच नव्हतं. जे खाल्लं नाही त्याच्यासाठीचं औषध माझ्या अंगात जायला लागलं.

मग एके दुपारी मी वरणभात, पालेभाजी असं ह्यांच्या देखत जेवून शेडमध्ये गेले. क्रेटवर वाकले होते. आधी घाम आला, मग हात कापायला लागले, मग समोरचे चिकू दोन-दोन दिसायला लागले. पुढचं मला बायकांनी सांगितलं. मी क्रेटच्या मधे बसले ती बसलेच, आणि विचारलेल्याला भलतीच उत्तरं द्यायला लागले. हे साखरेचं पाणी घेऊन धावले. मशीनने आकडा दाखवला तो तळाला गेलेला.

शुद्धीवर आले तर हे डोक्याशी बसलेले. चेहरा पांढरा पडला होता. आणि पहिलं वाक्य काय? "जेवलीस का नाही नीट? का ताटातलं मांजराला घातलंस?"

मी जमिनीवर पडल्या पडल्या त्यांच्याकडे बघत राहिले. रात्री मी चोरून खाते, आणि दुपारी चोरून उपाशी राहते. एकच बाई दोन्ही करते. राग तर होताच, पण त्याच्या मागून मला पहिल्यांदा एक वेगळाच प्रश्न पडला. दुपारचं जेवण मी जेवले हे मला माहीत होतं. ते रक्तात पोचलं नाही हे मशीनला माहीत होतं. दोघंही खरं बोलत असू, तर मग वरणभात गेला कुठे?

माझा स्वभाव चौकस. विहिरीवरची मोटर बिघडली तर मिस्त्रीच्या मागे उभी राहून त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडणारी मी. आता मी माझ्याच पोटाच्या मागे लागले. सकाळच्या न्याहारीला मुद्दाम लसणाची चटणी घ्यायची आणि मग दिवसभर ढेकर कशाची येते ते बघायचं. दुपारी लसूण. चार वाजता लसूण. तुळशीपाशी दिवा लावताना लसूण. दुसऱ्या दिवशी बडीशेप, तिसऱ्या दिवशी मेथी. हे म्हणायचे, "सारखी ढेकर देऊन हसतेस काय?" मी सांगितलं नाही. दुसरं एक लक्षात आलं की चार घासांत माझं पोट भरतं, आणि भरलं की तासन्‌तास तसंच टम्म राहतं. हे मी आधीही बघितलं होतं, पण वय झालं म्हणून सोडून दिलं होतं.

डॉक्टरीणबाईंकडे गेलो तेव्हा मी ठरवलं होतं की ह्यांना बोलूच द्यायचं नाही. पण तिथे आधी दुसरंच पुढे आलं. पोटाची सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट त्यांनी आधीच करून घेतले होते. रिपोर्ट बघत त्यांनी विचारलं, "काकू, दारू वगैरे?"

हे इतके दचकले की खुर्ची मागे सरकली.

"ताडी?"

"उन्हाळ्यात पेलाभर नीरा पिते, ती पण सकाळची," मी म्हटलं. "का हो?"

"लिव्हरवर चरबी आहे. विचारावं लागतं. न पिणाऱ्यांनाही होते, साखर असलेल्यांना तर फार जणांना." आणि पान उलटून म्हणाल्या, "ड जीवनसत्त्वही खूप कमी आहे."

हे मात्र मला पटेना. आम्ही समुद्राच्या कडेला राहणारी माणसं, बारा महिने ऊन. मी तसं बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "ते ऊन तुमच्या अंगावर कधी पडतं ते सांगा." मी मनातल्या मनात दिवस मोजायला घेतला. सकाळी स्वयंपाकघर. मग वाडी, आणि आमच्या जुन्या चिकूंच्या खाली भर दुपारीसुद्धा उन्हाचा कवडसा शोधावा लागतो. मग शेड. वाटेत जेवढं ऊन लागेल त्याच्यासाठी साडीवरून ह्यांचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, कारण चिकूचा चीक डागतो, आणि डोक्याला फडकं. मी आयुष्य उन्हात काढलं असं समजत होते आणि ते सगळं सावलीत गेलं होतं. मला गंमत वाटली.

मग मी संकष्टीची गोष्ट सांगितली. सालासकट. हे मधे बोलायला गेले तर त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"काल रात्रीची? नक्की?"

"नक्की."

"उपासाच्या दिवशी त्यातलं काही तोंडात घातलं नव्हतं?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि लिहून घ्यायला लागल्या.

एवढंच. त्यांनी मला शपथ घातली नाही, ह्यांच्याकडे बघून खात्री करून घेतली नाही. मी सांगितलं आणि त्यांनी ते धरलं. माझे डोळे भरून आले आणि मी पदराने चष्मा पुसल्यासारखं केलं.

जुनी साखर असली की पोटाला हलवणारी नस कधीकधी दुबळी होते, असं त्यांनी समजावलं. जठर अन्न घुसळून पुढे ढकलेनासं होतं. अन्न तिथेच बसून राहतं. इंजेक्शन मात्र वेळेवर कामाला लागतं, आणि रक्तात साखर आलेलीच नसते, म्हणून माणूस पडतो. मग कधीतरी रात्री जठराला जाग येते, दुपारचं सगळं खाली उतरतं, आणि सकाळी आकडा चढलेला. "हे असंच असेल असं अजून म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "आधी दुर्बीण घालून बघू, वाटेत काही अडलेलं नाही ना. मग एक तपासणी सुरतला. पण मात्रा आजपासून कमी."

मी म्हटलं, "आणि हे तिघं एकमेकांचे कोण? लिव्हर, ड आणि जठर?"

त्या हसल्या. हा प्रश्न त्यांना बहुतेक कुणी विचारत नसावं. म्हणाल्या, तिघं एकाच माणसात वरचेवर एकत्र सापडतात हे खरं. उन्हातून किंवा औषधातून आलेल्या ड जीवनसत्त्वाला पहिला हात लिव्हरच लावतं, मग ते किडनीकडे जातं. साखर तर लिव्हरलाही छळते आणि नसेलाही. जठर मंद असणाऱ्यांच्या रक्तात ड कमी सापडतं असंही काही ठिकाणी दिसलंय. पण कुणी कुणाला बिघडवलं, की तिघांना चौथ्याच कुणी बिघडवलं, हे अजून कुणाला ठामपणे सांगता येत नाही. "ड ची पुडी देते, हाडांना हवीच आहे. तिने पोट चालायला लागेल अशी आशा ठेवू नका."

मला ते फार आवडलं. आजवर मला सगळ्यांनी ठाम उत्तरंच दिली होती. परतताना रिक्षात मी ह्यांना म्हटलं, "बघा, डॉक्टर असून म्हणतात माहीत नाही. तुम्ही बरे सगळं माहीत असलेले."

सुरतची तारीख मिळेपर्यंत पुडी दुधातून आणि ऊन अंगावर, असं चालू झालं. आता अंगणात कोवळं नसलेलं, चांगलं चढलेलं ऊन पडतं अशी जागा एकच, आणि तिथे आमच्या चिकूच्या फोडी जाळ्यांवर वाळत घातलेल्या. मी शर्ट काढून, हात उघडे टाकून त्यांच्या शेजारी खुर्ची घेतली. पाच मिनिटांत हे दुसरी खुर्ची घेऊन आले.

"तुम्हाला कशाला ऊन?"

"माझं पण कमी असेल," म्हणाले.

आणि फोडींच्या आणि माझ्या मधे बसले. मला हसू आवरेना, आणि मग ते हसू मधेच आटलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं तरी हा माणूस माझ्या हातांकडे बघत होता. मी काय करू म्हणजे ह्याला पटेल? पोट उघडून दाखवू?

सुरतला जवळजवळ तेच झालं. दुर्बिणीत अडलेलं काही सापडलं नव्हतं, म्हणून ही दुसरी तपासणी. रात्रीपासून उपाशी ठेवून सकाळी त्यांनी मला इडली खायला दिली. इडलीत औषध मिसळलेलं, कॅमेऱ्याला दिसणारं. खाऊन झाल्यावर लगेच एक फोटो, मग तासातासाने एकेक. मधल्या वेळात बाकावर बसून राहायचं, दुसरं काही खायचं नाही. माझ्या शेजारी हे बसलेले. पाण्याला गेले तरी मागे. म्हणजे त्या दिवशी माझ्या पोटात इडलीशिवाय काही गेलं नाही ह्याचे साक्षीदार तेच.

दुपारी शेवटचा फोटो झाला. मशीनवरचा मुलगा गुजराती. आपल्या झाईकडे दोन्ही भाषा चालतात, त्यामुळे सकाळपासून आमच्या गप्पा झाल्या होत्या. त्याने पडद्याकडे बघितलं आणि सहज बोलून गेला, "मासी, इडली तो हजी अहींज छे." इडली अजून इथेच आहे म्हणे.

"कुठे?" हे उठले. त्याने त्यांना आत बोलावून दाखवलं. सकाळचा पहिला फोटो आणि आत्ताचा शेवटचा, शेजारी शेजारी. काळ्या पडद्यावर जठराच्या आकाराचा एक उजळ डाग. एव्हाना तो जवळजवळ दिसेनासा व्हायला हवा होता, असं तो मुलगा म्हणाला. शेवटच्या फोटोत तो थोडा फिका होता, पण तिथेच होता. खाली आतड्यांत नुसता शिंतोडा.

हे चष्मा काढून, परत लावून बघत राहिले. मी पण बघितलं. माझ्याच पोटातली इडली मी बाहेरून बघते आहे, ह्याचं मला इतकं नवल वाटलं की मी त्या मुलाला विचारलं, "आणि ह्याच्या आधी काही खाल्लेलं असतं तर तेही दिसलं असतं?" तो म्हणाला, नाही, औषध घातलेलंच दिसतं. हे वाईट झालं असं मला वाटलं. वालपापडीचाही फोटो निघाला असता तर बरं झालं असतं.

गाडीत हे एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटत होतं की आता म्हणतील, आता म्हणतील. उंबरगाव गेलं, आमचं स्टेशन आलं, रिक्षा केली, घर आलं. माझा संताप संताप झाला. पडद्यावर दाखवलं तरी तोंडातून शब्द फुटत नाही म्हणजे काय.

घरात शिरल्यावर त्यांनी चप्पलसुद्धा काढली नाही. ओटीवर उभ्या उभ्या फोन लावला. बहिणीला.

"अगं, ती संकष्टीची गोष्ट," ते म्हणाले. नेहमीपेक्षा मोठ्याने, कामाच्या बायकांनाही जाईल इतक्या मोठ्याने. "ती हंडी आदल्या दिवशीचीच होती. हो. मी डोळ्यांनी बघितलंय. मीच चुकलो. ते जसं सगळ्यांना सांगितलंस, तसं हेही सांग."

मी आत जाऊन पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

त्यानंतर माझं जेवण बदललं. थोडं थोडं, मऊ, दिवसातून बऱ्याच वेळा. सालाची पापडी बंद, तळलेलं बंद, आणि संकष्टीही बंद. संकष्टी ह्यांनी धरली. चांगली धरली आहे, कुरकुर करतात पण मोडत नाहीत. यकृताची चरबी पुढच्या सोनोग्राफीत थोडी उतरली, ड वर आलं, जठर मात्र आपल्याच चालीने चालतं. तिघांचं नातं काय ते मी अजूनही भेटेल त्या डॉक्टरला विचारते. चिकू पिकत घालायच्या खोलीचं कुलूप आता पंपाच्या खोलीला आहे.

इंजेक्शनची वेळही बदलली. जेवणाआधी नाही, जेवण झाल्यावर, ते खाली सरकायला लागलंय असं मला वाटलं की, आणि मशीन बघून. वाटणं आणि मशीन, दोन्ही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय. माझ्या पोटातलं मला काय वाटतं हे माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. मी काहीही सांगू शकते.

रात्री जेवणं झाली की हे मशीनचा डबा घेऊन माझ्याजवळ बसतात. टीव्ही चालू असतो.

"उतरलं का गं?" ते विचारतात.

"अजून नाही," मी म्हणते.

ते मान हलवतात आणि टीव्ही बघत थांबतात. मशीन डब्यातच असतं. आधी मला विचारतात.